सहावं रीळ

१

सहाव्या डब्याचं झाकण उघडलं आणि दादूच्या तोंडचं पाणी पळालं. डबा रिकामा होता.

"मॅडम, वाट लागली," तो वसुधाच्या कानाशी लागून म्हणाला. "शेवटचं रीळच नाय."

रविवारची सकाळ होती. अंधेरीतल्या एका शाळेच्या सभागृहात दीडशे माणसं चहा पिऊन, तोंड पुसत परत खुर्च्यांवर येत होती. १९३५ सालचा बोलपट 'विहिरीवरचा दिवा' इतकी वर्षं हरवलाच आहे असं सगळे धरून चालले होते. तो सापडला, आणि आता १९८४ साली वसुधाच्या चित्रपट मंडळाने तो दाखवायला काढला होता. पाच रिळं झाली होती. पडद्यावरचा दुष्ट नवरा हातात दिवा घेऊन बायकोला विहिरीकडे घेऊन निघाला होता, आणि तिथेच चहाची सुट्टी झाली होती. आता त्या बाईचं पुढे काय होतं ते बघायला लोक सरसावून बसले होते, आणि ते सांगणारं रीळ गायब होतं.

वसुधा मंडळाची चिटणीस. पोटापाण्यासाठी ती विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. जळालेल्या गोदामात माल खरोखर होता की नव्हता, हे राखेवरून ओळखायचं, असं तिचं काम. तिने आरडाओरडा केला नाही. यंत्र बिघडलंय असं जाहीर करून टाकलं. लोक कुरकुरत उठू लागले.

पण चंद्रप्रकाश गप्प बसणारा नव्हता. हा सिनेमा काढणाऱ्या गुणाजीरावांचा तो मुलगा. अडगळीतले डबे त्यानेच मंडळाला आणून दिले होते. यंत्रापाशी येऊन त्याने रिकामा डबा पाहिला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका कोळणीकडे बोट केलं.

"तिची पिशवी बघा आधी. तिची बहीण आमच्या घरचं सोनं घेऊन पळाली होती. घराण्याचाच धंदा आहे त्यांचा!"

ती बाई उठली. साठीला टेकलेली, ताठ, केसात अबोलीचा वळेसर. तिने पिशवी सगळ्यांदेखत टेबलावर उपडी केली. आतून एक जेवणाचा डबा पडला आणि एक छत्री.

"बघ," ती म्हणाली. "आनखी काय सोडू? लुगडं?"

२

ते रीळ वसुधाने आधी पाहिलेलं होतं. बुधवारी संध्याकाळी, गुणाजीरावांच्या बंद पडलेल्या स्टुडिओत, दादूने यंत्र लावून तिला आणि चंद्रप्रकाशला सहाही रिळं चालवून दाखवली होती. त्याआधी ती दोघं अंगणातल्या औदुंबराखालच्या गोल चौथऱ्यावर चहा पीत बसली होती, आणि ही जागा विकून इथे इमारत उठवायचा आपला बेत चंद्रप्रकाशने तिला ऐकवला होता.

खरं सांगायचं तर वसुधा थोडीशी हसायलाच बसली होती. पन्नास वर्षांपूर्वीचा बोलपट म्हणजे माणसं माइकच्या दिशेने तोंड करून बोलणार, प्रत्येक दुःखानंतर गाणं होणार. तसंच होतं सगळं. शिवाय नायिकेच्या हातातल्या बांगड्यांचाही मेळ नव्हता. झोपाळ्यावर बसून ती गाते तेव्हा डाव्या हातात चुडा आणि वाघाच्या तोंडाचा सोन्याचा तोडा, उजव्या हातात मात्र नुसता तोडा. आणि शेवटी कोर्टात येते तेव्हा दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या. जुन्या लोकांचं असंच असायचं, असं म्हणून वसुधाने ते सोडून दिलं होतं.

पण ती नायिका गायला लागली की हसू थांबत होतं. नाव मिस कमळ. तिचा आवाज तयारीचा नव्हता, मोकळा होता. आणि सहाव्या रिळात नवरा तिच्या अंगावरचं सोनं काढून घेतो, तिला विहिरीत ढकलतो, तेव्हा ती जी किंकाळी फोडते तिने वसुधाच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. किंकाळी थांबते. पडद्यावर नुसता काठ दिसतो, त्यावर हलणारा दिवा. आणि मग खालून, फार खालून, पुन्हा एक हाक येते.

"कमाल आहे!" वसुधाने टाळी वाजवली होती. "त्या काळात ध्वनीचा असा वापर!"

पुढे कोर्ट. मेलेली समजलेली बायको पदर हनुवटीपर्यंत ओढून साक्षीला येते, नवऱ्याने लपवलेले तोडे हातात घालून. एक शब्द न बोलता ती हात उचलते आणि नवऱ्याकडे बोट रोखते. तो हात पडदाभर मोठा दिसतो. त्या हाताची करंगळी मिटत नव्हती, बाजूला ताठ राहिली होती. चित्रपट संपतो.

त्या बुधवारपासून वसुधाला नीट झोप नव्हती. डोळा लागला की ती खालची हाक यायची, आणि दर वेळी ती आदल्या वेळेपेक्षा जवळून आल्यासारखी वाटायची.

३

दादू मुलुंडला राहायचा. वसुधा गेली तेव्हा तो दारातच स्टूल टाकून यंत्राची भिंगं पुसत होता.

"मी चहाला गेलो ही चूक. कबूल," तो म्हणाला. "पण मॅडम, रीळ म्हणजे जेवायच्या ताटाएवढं. खिशात मावत नाय. घेणाऱ्याकडे झाकायला कायतरी पायजे ना?"

"सुट्टीत यंत्रापाशी कोण कोण आलं?"

"तुमचे चंद्रप्रकाश. सफारी घालून आलेले, हात हलवत. ती कोळीण. मला विचारत होती, हे घरी नेऊन बघता येतं का. आणि पाहुण्या बाई, मालनताई. यंत्रावरून हात फिरवला, म्हणाल्या आमच्या वेळी याचा आवाज मोठा असायचा."

मालनताई म्हणजे त्या चित्रपटातल्या हयात असलेल्या एकट्या कलाकार. मोलकरणीचं काम होतं. रविवारी सिनेमाआधी मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं. नारळ घेताना त्यांची करंगळी बाजूला राहिली आणि तो निसटणारच होता, वसुधाने सावरला होता. त्याच समारंभात कोळीण पुढे आली होती आणि मोठ्याने म्हणाली होती, मी कमळची बहीण, अंजनाबाई.

"अजून एक," दादू भिंग उजेडात धरत म्हणाला. "ज्याने नेलं त्याचे हात हुंगा. त्या रिळाला शिरक्यासारखा वास मारतो. सडत आलंय. कपड्याला लागला तर धुतल्याबिगर जात नाय."

चंद्रप्रकाशने तिला स्टुडिओतच बोलावलं. तो घुश्शातच होता.

"मला लपवायचं असतं तर मी डबे दिले असते का? मी तर तेव्हा पाळण्यात होतो. एवढंच ऐकत मोठा झालो, की शूटिंग संपता संपता ती नटी वाघमुखी तोडे घेऊन पळाली. माझ्या आजीचे तोडे! बाबांनी पोलिसांत दिलं. काही उपयोग झाला नाही."

"आणि सिनेमातली ती विहीर? कुठे होती?"

"विहीर? इथे कधीच विहीर नव्हती. सेट असेल पुठ्ठ्याचा."

वसुधाने चौथऱ्याकडे पाहिलं. गोल होता, चांगला दोन पुरुष रुंद. "आणि हा?"

"बाबांचं खूळ. मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला इथे दिवा लावायचे. इथे एक कुदळ मारू दिली नाही कुणाला." त्याने वसुधाकडे वळून पाहिलं. "का हो?"

पुठ्ठ्याच्या विहिरीतून हाक इतक्या खालून कशी येईल? वसुधाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

४

वेसाव्याला अंजनाबाईच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. तिने वसुधाला खाट दिली, स्वतः जमिनीवर बसली आणि विचारलं, "तुला पन वाटतं मी नेलं?"

"नाही वाटत. पण घरी न्यायचं विचारलंत तुम्ही."

"मंग? माजी बहीन हाय ती त्याच्यात. घरात तिचा फोटू नाय. बापाने जालला. नाव घ्यायची बंदी." अंजनाबाईने पदराने नाक पुसलं. "मी लहान होती. पोलीस आले, चूल खनली, वाघाच्या तोंडाचे तोडे पायजेत म्हनून. तवापासून आमी चोर. नारली पुनवेला दर्याला पयला नारल द्यायचा मान आमच्या घराचा, तो गेला. तिचा नवरा भला मानूस. तो दारू पिऊन मेला. आई शेवटच्या दिसापर्यंत बोलायची, माजी कमल पलायची नाय. मना कोनी सांगावं, बाई, पलाली का नाय पलाली. बस. मरायच्या आधी तेवढंच."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मना?" ती खाडीकडे बघत राहिली. "ती तिकडून हाक मारायची. पान्यातून, खडकावरून, कुटून पन. मी 'आले गं' बोलायची आनि पलत जायची. आमच्यात हाकेला ओ द्यावीच लागते, दर्यावरची मानसं आमी. जी हाक न मारता गेली ती माजी बहीन नाय."

बोलता बोलता ती उठली, हात उंच करून बोंबील पालटू लागली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या खळखळल्या. उजवा हात मोकळा होता, फक्त एक चांदीचं कडं.

वसुधाने सहज विचारलं, "या हातातल्या फुटल्या का?"

अंजनाबाई हसली. ती हसताना वसुधाने पहिल्यांदाच पाहिली. "फुटतील कशाला? लगीन झालं की कोलनीचा उजवा हात दर्याचा. त्या हातातल्या काचेच्या बांगड्या दर्याला द्यायच्या, की बाबा, आमचा धनी सांभाल. सोनं घाल, चांदी घाल, पन काच नाय. मेली तरी नाय घालायची कोलीन."

"कमळ सिनेमात काम करताना घालत असेल ना? वेष म्हणून?"

"कमल? गुनाजीशेटने तिला हातात बांगडी भरायला सांगितली, तर ती काम सोडून घरी आलेली! मंग तो आला समजवायला. राहू दे बोलला एक हात रिकामा."

वसुधा खाटेवरून उठली. कोर्टातल्या त्या हातात बांगड्या मनगटभर होत्या, आणि त्यांना टेकून वाघाचं तोंड चमकत होतं.

५

मालनताई बोरिवलीला भाचीकडे राहायच्या. दार उघडल्या उघडल्या वसुधाला गॅलरीतली दोरी दिसली. दोरीवर मंडळाने दिलेली शाल ओली, पाणी गाळत लटकत होती. एकदाच खांद्यावर पडलेली नवी कोरी शाल दोन दिवसांत कोण धुतं?

मालनताईंनी चहा आणला. बशी धरली, आणि करंगळी बाजूला ताठ राहिली.

"ताई," वसुधा म्हणाली, "शेवटच्या प्रसंगात तुम्ही होतात का?"

"छे! कोर्टात माझं काय काम? मी मोलकरीण."

"तो हात तुमचा आहे. करंगळी मी पडदाभर मोठी पाहिलीय."

मालनताईंनी बशी खाली ठेवली. चहा सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

वसुधा हळू आवाजात बोलत गेली. विमा कंपनीत खोटा दावा धरला की ती असंच बोलायची, समोरच्याला पळायला जागा न ठेवता. "कमळ उजव्या हातात काच घालत नव्हती. कोर्टातल्या बाईने घातलीय. म्हणजे ती कमळ नाही. ज्याने तुम्हाला सजवलं त्याला वाटलं, सवाष्ण आहे, दोन्ही हात भरले पाहिजेत. कोळणीची रीत त्याला ठाऊक नव्हती, आणि गुणाजीराव त्या घाईत विसरले. आता सांगा, कमळ हजर असताना गुणाजीराव तिचा शेवटचा प्रसंग दुसरीला देतील? तोंड झाकून, मुकी ठेवून? जिच्या आवाजावर तिकिटं विकायची होती तिला? नाही. तो प्रसंग कमळ नाहीशी झाल्यावर घेतला. आणि त्यात तोडे आहेत. जे तोडे घेऊन ती पळाली म्हणतात, ते ती गेल्यावर तुमच्या हातात कसे आले?"

मालनताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात रीळ होतं, जुन्या पातळात गुंडाळलेलं, आणि खोलीभर शिरक्याचा वास पसरला.

"जाळायला नेलं होतं," त्या म्हणाल्या. "काडी ओढवेना. त्यात ती आहे ना."

"विहीर खरी होती?"

"खरी. आत हातभर खाली फळी बांधली होती, वर गादी. तिने पडायचं आणि तिथेच बसून राहायचं. विहिरीत सोनं जायला नको, म्हणून दागिने उतरवायचा प्रसंग गुणाजीरावांनी आदल्या दिवशी मुद्दाम घातला. सोन्याची एवढी काळजी घेतली हो त्यांनी! फळी कुणी तपासली नाही." त्यांनी रीळ मांडीवर घेतलं. "फळी मोडली. दोर आणेपर्यंत ती हाका मारत होती. ध्वनीचं यंत्र चालूच होतं, बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही. दोर आला तेव्हा खाली आवाज नव्हता. वर काढली असती तर पोलीस आले असते. त्यांनी विहीर बुजवली."

"आणि ती किंकाळी?"

"ती तशीच ठेवली. लोक ती ऐकायला पुन्हा पुन्हा यायचे. टाळ्या पडायच्या."

वसुधाने मान खाली घातली. तिचीही एक टाळी त्यात होती.

"चोरीचा आळ कशाला घातला?"

"नुसती हरवलेली बाई असती तर माणसं शोधत आली असती. चोर म्हटल्यावर घरचेच दार लावून बसले." मालनताई आता रडत होत्या. "मला म्हणाले, बोललीस तर तूही गेलीस. मी सतरा वर्षांची पोर, घरी चार तोंडं. पुढे गुणाजीराव मेले, तेव्हा तरी बोलायचं. पण कुणाला सांगणार, असं म्हणत राहिले. परवा ती बहीण समोर उभी राहिली, तोच चेहरा. शेवटच्या रिळात ती माझा हात बघेल, ओळखेल, या भीतीने मी ते शालीखाली घेतलं."

"तिने ओळखायला हवा, ताई. तिची सुटका त्याच हातात आहे."

६

चंद्रप्रकाशने सगळं उभ्याने ऐकलं. आधी चिडला, मग वसुधाला खोटारडी म्हणाला, मग औदुंबराखाली जाऊन एकटाच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"रोज दिवा लावायचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझा बाप देवभोळा आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "चौथरा उघडू. पोलिसांना मीच कळवतो. आणि त्या बाईंची माफी मागायचीय, पण तोंड कसं दाखवू?"

"ती इथेच येतेय," वसुधा म्हणाली. "तोंड दाखवायचं तेव्हाच."

स्टुडिओच्या पडवीतल्या खिडक्या लावून घेतल्या. अंजनाबाई पुढे बसली. तिच्या मागे, दोन हात अंतर ठेवून, मालनताई. चंद्रप्रकाश बसला नाही. दादूने रीळ लावलं. शिरक्याचा वास उठला आणि पडद्यावर दिवा पेटला.

किंकाळी आली. अंजनाबाई हलली नाही. खालची हाक आली. ती हलली नाही. मग कोर्ट, पदर, आणि तो मोठा हात. हिरव्या बांगड्या. वाघाचं तोंड.

"ही नाय," अंजनाबाई म्हणाली. "ही माजी कमल नाय."

"मी आहे ती," मागून मालनताई म्हणाल्या. त्यांना पुढे बोलता येईना, तरी त्या बोलल्या. फळी, गादी, दोर, बुजवलेली विहीर, आणि त्यानंतर हातात चढवलेले तोडे. काही राखून ठेवलं नाही. चंद्रप्रकाशने मधेच हात जोडले, आणि ते तसेच जोडलेले राहिले.

अंजनाबाईने सगळं ऐकून घेतलं. शिव्या देईल, अंगावर धावून जाईल असं वसुधाला वाटत होतं. तिने फक्त एकच विचारलं.

"म्हंजे चोर नव्हती?"

"नव्हती," मालनताई म्हणाल्या. "कधीच नव्हती."

"आनि पलाली पन नाय."

"नाही. इथेच आहे, त्या चौथऱ्याखाली."

अंजनाबाईने पदर सारखा केला. चौथऱ्याच्या बाजूची खिडकी तिने एकदा नीट पाहून घेतली, आणि दादूला म्हणाली, "परत लाव. कोर्टापर्यंत जाऊ नको. विहिरीपर्यंत."

दादूने वसुधाकडे पाहिलं. वसुधाने मान डोलावली. रीळ मागे फिरलं, पुन्हा सुरू झालं. नवऱ्याने सोनं उतरवून घेतलं. दिवा काठावर ठेवला. किंकाळी आली आणि वसुधाने डोळे मिटून घेतले. या वेळी तिला त्यात कमाल वगैरे काही सापडलं नाही. मग नुसता काठ, हलणारा दिवा, यंत्राची टकटक.

आणि खालून ती हाक आली.

अंजनाबाई उभी राहिली. उजवा हात, दर्याला दिलेला, तोंडाशी नेला, आणि खाडीपल्याडच्या माणसाला ऐकू जावी अशा आवाजात तिने ओ दिली.

"आले गं, कमले! आले!"